आमची एकटी उरलेली कोंबडी दिवसभर भेदरलेली असते, तिला नेमकं काय होतंय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बेळगावात वडगावला तुमच्या परसात गिरिराजा जातीच्या दोन कोंबड्या होत्या. तीन आठवड्यांपूर्वी गल्लीतल्या कुत्र्याने जिन्याखाली एकीला मारलं. तेव्हापासून उरलेली, म्हणजे तुमच्या लेकीची राणी, सकाळी दहाच्या सुमारास भिंतीच्या कडेने येरझाऱ्या घालत ओरडते. पानं सळसळली तरी धुण्याच्या दगडामागे दडते. संध्याकाळी खुराड्यात शिरत नाही आणि अंडंही बंद झालंय. शेजारी म्हणतात जातच भित्री आहे, कापून टाका. तुम्ही विचारताय, ही भीती जाईल का.

जाईल. मी खानापूरकडची, लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणजे बावीस वर्षं कोंबड्या पाळतेय. त्यातून शिकले ते आधी सांगते, मग राणीकडे येते.

आमच्याकडे एक तांबडी गावरान होती. एका पावसाळ्यात तिने दिवेलागणीला खुराड्यात जायचं सोडलं. हाकललं की पेरूच्या झाडावर जाऊन बसायची, पावसात भिजायची, पण आत यायची नाही. मला वाटलं मुंगूस दिसलं असेल. आठ दिवस तिला धरून आत कोंडलं. सकाळी दार उघडलं की ती बाणासारखी बाहेर पडायची, तुरा फिक्कट पडलेला. सासूबाई ओट्यावर बसून हे बघत होत्या. एक दिवस म्हणाल्या, "कोंबडीला काय झालंय ते बघू नको गे, कोंबडी काय बघूल्या ते बघ."

त्या रात्री बॅटरी घेऊन गेले. ज्या दांडीवर कोंबड्या बसायच्या तिच्या खालून पांढरं फडकं फिरवलं, तर फडक्यावर रक्ताचे बारीक लाल डाग. लाकडाच्या फटीत राखाडी-तांबूस बारीक पिसवांसारखे किडे वळवळत होते. हे किडे दिवसा फटींत लपतात आणि रात्री कोंबडीच्या अंगावर चढून रक्त पितात, त्यामुळे दिवसा कोंबडी कितीही तपासली तरी काही सापडत नाही. आणि मी त्याच जागेत तिला रोज कोंडत होते. तिची भीती खरी होती, फक्त तिचं कारण मला दिसत नव्हतं. खुराडं रिकामं करून उकळतं पाणी ओतलं, वाळल्यावर फटीफटीत चुन्याचा दाट हात दिला, आठवड्याने परत तेच केलं. तांबडी आपणहून आत गेली. ती अजून डोळ्यांसमोर आहे, म्हणून कोंबडी भित्री आहे हे वाक्य मला पटत नाही.

आता राणीची गोष्ट. तुम्ही सगळ्याला एकच नाव दिलंय, भीती. मला त्यात तीन वेगळ्या गोष्टी दिसतात, आणि त्यांच्या वेळाही वेगळ्या आहेत.

दहाची येरझार हे माझ्या मते भीतीचं लक्षण नाहीच. अंडं घालायच्या तास-दोन तास आधी कोंबडी जागा शोधत फिरते. आडोसा बघते, कोपऱ्यात डोकं घालते, मातीत पायाने उकरते. जागा मनासारखी मिळाली की बसते. नाही मिळाली की फेऱ्या वाढतात आणि लांबट, कुरकुरीचा, रडवा आवाज काढते. तो आवाज संकटाच्या आवाजाहून वेगळा असतो, कान देऊन ऐकलात तर कळेल. तुम्ही लिहिलंय की अंड्याची बुट्टी जिन्याखाली होती. म्हणजे जिथे तिला रोज जायचं असतं तिथेच तिच्या सोबतिणीला मारलेलं तिने पाहिलंय. शरीर म्हणतं जा, डोळ्यांपुढे कुत्रा उभा. मग ती त्या दोहोंच्या मधे भिंतीच्या कडेने चालत राहते. अशा वेळी कोंबडी अंडं रोखून धरते. कधी घातलंच, तर कवचावर पांढरट भुकटीसारखा जादा थर दिसतो किंवा रंग फिका येतो, कारण अंडं आत जास्त वेळ राहिलेलं असतं. हल्ल्यानंतर काही दिवस, कधी काही आठवडे अंडं बंद राहणं मी पुष्कळदा पाहिलंय.

यावर उपाय सोपा आहे. ती बुट्टी तिथून उचला आणि परत तिथे ठेवू नका. घराच्या भिंतीला पाठ लागेल, तिन्ही बाजूंनी आडोसा असेल आणि तोंड तुमच्या मागच्या दाराकडे येईल अशी नवी जागा करा. फळांचा लाकडी खोका आडवा ठेवला तरी चालतो. आत भाताचं पिंजर घाला, पुढे गोणपाटाचा अर्धा पडदा सोडा आणि अंड्याएवढा गुळगुळीत पांढरा गोटा आत ठेवा. आधीच एक अंडं पडलेलं दिसलं की कोंबडीला जागा बिनधोक वाटते. तिला धरून आत कोंबू नका, जागा तिची तिने शोधली पाहिजे.

दिवसभराचं दडणं मात्र खरी भीती आहे, आणि तिचं मूळ कुत्र्यापेक्षा एकटेपणात जास्त आहे. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच बहुतेक लोक चुकतात.

चार कोंबड्या चरत असतात तेव्हा चौघींची डोकी एकदम खाली नसतात. एक दाणा टिपते, दुसरी मान वर करून बघते. पहारा वाटला जातो. आभाळात घार दिसली तर एक बारीक, ओढलेला आवाज निघतो आणि सगळ्या जागच्या जागी दबतात, एक डोळा आभाळाकडे. जमिनीवरून मांजर, मुंगूस आलं तर कटकट-कटाक असा तुटक गोंगाट होतो आणि माना ताठ होतात. म्हणजे संकट वरून आलं की खालून, हेसुद्धा त्या एकमेकींना सांगतात. आमच्या बाजूला भीमगडच्या रानात करड्या रानकोंबड्या आहेत. त्या पहाटे रस्त्याकडेला चरताना बघितल्या तर हेच दिसतं. परसातली कोंबडी रानातल्या तांबड्या कोंबडीच्या वंशातली. हजारो वर्षं माणसाजवळ राहूनही हा पहारा तिच्या अंगातून गेलेला नाही.

आता राणी एकटी आहे. आभाळ तिनेच बघायचं, भिंत तिनेच बघायची, जिना तिनेच बघायचा. दाणे टिपायला मान खाली घालणं म्हणजे पहारा सोडणं. मग ती नीट खात नाही, मातीत लोळत नाही, पंख साफ करत नाही, कारण ही सगळी कामं निर्धास्त असल्याशिवाय होत नाहीत. पक्षी एक डोळा उघडा ठेवून अर्धवट झोपू शकतात. एकटी कोंबडी दुपारी तशी झोपलेली मी पाहिलीय. थकलेली कोंबडी लहान आवाजालाही दचकते. त्यात गिरिराजा अंगाने जड. गावरानीसारखं भुर्रकन झाडावर जाणं तिला जमत नाही, हे तिला ठाऊक असतं. तुम्ही बाहेर आलात की ती तुमच्या पायाशी पळत येते असं लिहिलंय ना, ते यामुळेच. तुम्ही तिच्या कळपातल्या उरलेल्या एकट्या आहात.

म्हणून तिला सोबत आणा. पण उद्याच बाजारातून एक कोंबडी आणून सोडू नका. बाजारातल्या कोंबडीबरोबर राणीखेत, म्हणजे आपण मानमोडी म्हणतो तो रोग, घरात येऊ शकतो. लस दिलेल्या, राणीएवढ्याच अंगाच्या दोन तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आणा. एक आणली तर ती एकटी मार खाते, दोन असल्या तर दोघींत वाटला जातो. तीन आठवडे त्यांना वेगळं, लांब ठेवा, त्यांचं दाणापाणीही वेगळं ठेवा. मग आठवडाभर मधे जाळी ठेवून एकमेकींना बघू द्या. शेवटी रात्री, अंधार पडल्यावर, तिच्या शेजारी दांडीवर नेऊन बसवा. सकाळी टोचाटोची होईलच. कोण आधी खाणार हे ठरवायची त्यांची ती रीत आहे. नॉर्वेतल्या थोरलेइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या निरखल्या आणि १९२१ साली हा टोचण्याचा क्रम शास्त्रात मांडला. रक्त निघेपर्यंत मधे पडू नका. मात्र दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन जागी ठेवा, म्हणजे खालच्या नंबरची उपाशी राहणार नाही.

सोबत येईपर्यंतचा महिनाभर कसा काढायचा? तिच्या उंचीवर एक छोटा आरसा भिंतीला पक्का बांधा. एकट्या ठेवलेल्या पिल्लांचं ओरडणं आरशाने कमी झालेलं प्रयोगांत दिसलंय. हा तात्पुरता आधार आहे, कायमचा नाही. परसात उघड्यावर दोन-तीन आडोसे करा, एखादी जुनी खाट, कलती ठेवलेली फळी, तुळशीच्या कुंड्यांची रांग. लपायला जागा जवळ असली की कोंबडी उघड्यावर यायचं धाडस करते. भिंतीचं जे तोंड कुत्र्याने वापरलं ते आधी बंद करा. ते केल्याशिवाय बाकी काही करून फायदा नाही.

आणि मातीचं घमेलं. कोरडी माती, चाळलेली चुलीची राख, थोडी वाळू, तिला पंख पसरून लोळता येईल एवढ्या रुंद भांड्यात. लोळल्याने पिसांतल्या उवा कमी होतात, शिवाय कोंबडी लोळायला लागली की समजावं, तिचा जीव थोडा खाली पडला. आमच्याकडे खानापुरात जूनपासून पाऊस लागला की कोरडी माती दिसतच नाही, म्हणून मी मे महिन्यातच दोन डबे भरून ठेवते. दिवाळीत पोरांनी अंगणात किल्ला केला की त्याची भुसभुशीत तांबडी माती आमच्या कोंबड्यांना लोळायला फार आवडते. पोरं चिडतात. मी पोरांना शेजारी दुसरा ढीग करून देते.

तिसरी गोष्ट, खुराडं. इथे आधी माझ्या तांबडीची चाचणी करा, रात्री पांढरं फडकं. डाग निघाले तर उकळतं पाणी आणि चुना. पिकावर फवारायचं औषध खुराड्यात किंवा तिच्या अंगावर अजिबात नको, ते तिच्या पोटात जातं आणि अंड्यातून तुमच्या. फडकं स्वच्छ निघालं तर खुराडं जिन्यापासून हलवा. दांडी जमिनीपासून फूट-दीड फुटावरच ठेवा. जड कोंबडी उंचावरून उडी मारते तेव्हा पायाला इजा होते.

तिच्याशी वागण्याबद्दलही थोडं. वरून झुकून दोन्ही हातांनी धरायला गेलं की कोंबडीला ते घारीच्या झडपेसारखं वाटतं. लेकीला सांगा, रोज एका वेळी तिच्यापासून चार हातांवर खाली बसायचं, तोंड थोडं बाजूला, हातात भिजवलेली ज्वारी किंवा भात. ती येईल तेव्हा येईल. उचलायचंच असलं तर खालून, छातीखाली हात घालून, पंख अंगाला लावून. पाय धरून उलटी कधीच धरू नका. बाजारात आपल्याकडे सर्रास तसंच नेतात आणि कोंबडी गप्प झाली की लोकांना वाटतं शांत झाली. ती शांत झालेली नसते, भीतीने गोठलेली असते. शत्रूच्या तोंडात सापडलेला पक्षी जीव वाचवायला मेल्यासारखा पडतो, तेच ते. हे बघवत नाही मला.

एक काळजी मात्र मनात ठेवा. सगळीच अस्वस्थता मनाची नसते. पिसं फुलवून, शेपटी पाडून एका जागी बसली, हिरवट-पांढरी पातळ शिट टाकू लागली, मान वाकडी झाली किंवा ताठ उभी राहून पुन्हा पुन्हा कुंथत असली, तर वाट बघू नका. शेवटच्या लक्षणात अंडं अडकलेलं असू शकतं आणि एका दिवसात कोंबडी जाऊ शकते. लगेच सरकारी जनावरांच्या दवाखान्यात न्या. उन्हाळ्यात तोंड उघडं ठेवून, पंख अंगापासून सुटे करून धापा टाकत असेल तर ते ऊन आहे, तिला सावली आणि गार पाणी द्या. पिसं गळत असतील आणि तुरा आखडला असेल तर कात टाकल्यासारखी पिसं बदलायची वेळ आली असेल. त्या काळातही अंडं बंद होतं आणि अंगाला हात लावू देत नाहीत, कारण नवी पिसं फुटताना दुखतात. आणि बुट्टीतून उठतच नसेल, हात नेला की फुगून गुरगुरत असेल, तर ती खुडूक आहे, म्हणजे अंडी उबवायला बसलीय.

शेजाऱ्यांना सांगा, अजून महिना-दीड महिना थांबा. तोवर एका वहीत रोज लिहा: किती वाजता ओरडली, तोंड कुठे होतं, मान वर होती की खाली. चार दिवसांत तुम्हाला वेळ आणि जागा सापडेल. दहाची येरझार नव्या खोक्याने थांबली की नाही ते मला इथे कळवा, आणि रात्रीचं फडकं आजच फिरवा.