वाचक विचारतात : वाहिनीविरुद्धच्या तक्रारीचा निर्णय कशावरून होतो?

प्रश्न : आमच्या वस्तीतील एका अल्पवयीन मुलीवर झालेल्या अत्याचाराची बातमी एका वृत्तवाहिनीने दाखवली. मुलीचा चेहरा पुसट केला होता. परंतु तिची गल्ली, घराच्या दारावरची पाटी आणि शाळेचा गणवेश स्वच्छ दिसत होता. दुसऱ्या दिवशी सारा परिसर तिला ओळखू लागला. मी वाहिनीला ‘हे अयोग्य आहे’ असे लिहून कळवले, तेव्हा ‘आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो’ एवढेच उत्तर आले. आता दाद कोठे मागावी आणि तेथे निर्णय कसा होतो?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : दारावरची ती पाटी हाच आपल्या तक्रारीचा कणा आहे, आणि वाहिनीला लिहिलेल्या पत्रात नेमका तोच राहून गेला असे दिसते. प्रसारणाविरुद्धच्या तक्रारीत ‘आम्हाला वाईट वाटले’ या विधानावर निर्णय होत नाही. पडद्यावर अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक दृश्य दिसले आणि त्यामुळे अमुक नियम मोडला, एवढेच तपासले जाते.

दूरचित्रवाणीसाठी १९९५ चा केबल दूरचित्रवाणी कायदा आणि १९९४ च्या नियमांतील कार्यक्रम संहिता हा आधार आहे. १७ जून २०२१ रोजी या नियमांत दुरुस्ती होऊन तक्रारीच्या तीन पायऱ्या ठरल्या. पहिली पायरी खुद्द वाहिनीची : तिने चोवीस तासांत पोच द्यायची आणि पंधरा दिवसांत निर्णय कळवायचा. उत्तर समाधानकारक नसेल तर पुढच्या पंधरा दिवसांत, ती वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची, म्हणजे वाहिन्यांनी स्वतःच उभारलेल्या नियामक संस्थेची, सदस्य असेल, त्या संस्थेकडे अपील करता येते. तेथेही समाधान झाले नाही तर तिसरी पायरी केंद्र सरकारच्या देखरेख यंत्रणेची. अशा संस्थांपैकी वृत्तवाहिन्यांसाठी २००८ पासून काम करणारे प्रसारण मानक प्राधिकरण आहे, तर मालिका व मनोरंजनासाठी २०११ मध्ये स्थापन झालेली प्रसारण आशय तक्रार परिषद आहे. मात्र सर्व वाहिन्या एकाच संस्थेच्या सदस्य नाहीत. म्हणून आपली वाहिनी कोणाच्या छत्राखाली येते हे तिच्या संकेतस्थळावर पाहूनच अपील करावे. पुष्कळ वाचक अशी पत्रे भारतीय प्रेस परिषदेकडे पाठवतात. १९७८ च्या कायद्याने त्या परिषदेकडे वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्था सोपवलेल्या आहेत, वाहिन्या नव्हेत. त्यात महत्त्वाचे दिवस वाया जातात.

दिवस वाया जाणे येथे महागात पडते. प्रसारित आशयाचे ध्वनिचित्रमुद्रण नव्वद दिवस जपून ठेवण्याचे बंधन वाहिन्यांवर आहे आणि निर्णय त्या मुद्रणावरच अवलंबून असतो. शिवाय वृत्तवाहिन्यांच्या प्राधिकरणाने प्रसारणानंतर वाहिनीला लिहिण्यासाठी ठेवलेली मुदत फार आखूड आहे, म्हणून आठवड्याच्या आत लिहिणे उत्तम.

प्राधिकरणाच्या अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती राहिले आहेत, न्या. जे. एस. वर्मा हे पहिले अध्यक्ष होते. सदस्यांमध्ये संपादकांप्रमाणेच वाहिन्यांबाहेरील मान्यवर असतात. तक्रार आल्यावर वाहिनीचा लेखी खुलासा मागवला जातो, मुद्रण पाहिले जाते आणि गरजेनुसार दोन्ही बाजू ऐकल्या जातात. बातमी एखाद्याला आवडली नाही किंवा तिचा कल पटला नाही, एवढ्याने तक्रार टिकत नाही. पण खासगीपण, मुलांचे संरक्षण, वस्तुनिष्ठता यांविषयीच्या लिखित मानकांचा भंग मुद्रणात दिसला तर समज, ताशेरे, पडद्यावर क्षमायाचना किंवा दंड असा आदेश होऊ शकतो.

प्राधिकरणाच्या दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये होती आणि ती अपुरी असल्याचे मत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये व्यक्त केले. मलाही ती अपुरी वाटते. परंतु आपल्या प्रकरणात त्या मुलीच्या दृष्टीने दंडापेक्षा मोलाची गोष्ट वेगळी आहे : ती चित्रफीत वाहिनीच्या संकेतस्थळावरून आणि यूट्यूबवरून काढून टाकणे. असे आदेश यापूर्वी दिले गेले आहेत. तेव्हा ही मागणी अर्जात स्वतंत्रपणे, स्पष्ट शब्दांत करावी.

अर्ज कराल तेव्हा त्या मुलीचे नाव, पत्ता किंवा शाळा पुन्हा लिहू नका. ‘बातमीतील मुलगी’ एवढे पुरते. बाल न्याय कायदा, २०१५ चे कलम ७४ आणि पॉक्सो कायद्याचे कलम २३ यांनुसार अशा मुलीची ओळख उघड होईल असा तपशील प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे पोलिसांकडे जाण्याचा मार्गही खुला आहे. तो निर्णय मात्र तिच्या आईवडिलांना घेऊ द्यावा. त्याच विषयावर न्यायालयात प्रकरण चालू नाही असे निवेदन प्राधिकरण तक्रारदाराकडून घेते, म्हणून त्यांच्याशी बोलूनच अर्ज पाठवावा. बातमी केबलचालकाच्या स्थानिक वाहिनीवर दाखवली गेली असेल, तर सिव्हिल लाइन्समधील जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्यावा. जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त हे केबल कायद्यानुसार प्राधिकृत अधिकारी आहेत.

प्रश्न : दुपारच्या वेळी घरात लक्ष्मी नांदेल, आजार पळतील असे सांगून यंत्रे व ताईत विकणाऱ्या जाहिराती तासन्‌तास चालतात. माझ्या सासूबाईंनी दोनदा पैसे पाठवले. ही तक्रार कोठे करायची?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : ज्या वस्तूत चमत्कारिक किंवा अलौकिक गुण असल्याचा समज लोकांचा होईल, तिची तशी जाहिरात केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांपैकी नियम ७ मधील जाहिरात संहितेला मान्य नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये अशा यंत्रांच्या दूरचित्रवाणीवरील जाहिराती राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार बेकायदा ठरवल्या आहेत. वाहिनीकडे आणि मुंबईस्थित भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे ‘आस्की’कडे, तक्रार पाठवावी. १९८५ मध्ये स्थापन झालेली ही परिषद जाहिरात उद्योगाने स्वतः उभारली असली, तरी तिची संहिता मोडणारी जाहिरात केबलवर दाखवू नये असे नियमातच लिहिले असल्याने तिच्या निर्णयाला वजन आहे. जाहिरातीत दावा करणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो. सासूबाईंना गुण आला नाही हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर नाही. पैसे परत मिळवण्यासाठी मात्र ग्राहक आयोगाकडे वेगळा अर्ज करावा लागेल.

प्रश्न : खासगी एफएमवरील निवेदक अनोळखी लोकांना फोन लावून त्यांची फजिती करतात. वरील तीन पायऱ्या येथेही लागू होतात काय?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : नाही. त्या पायऱ्या केबल कायद्याच्या नियमांतील आहेत आणि दूरचित्रवाणीपुरत्याच आहेत. खासगी एफएम केंद्रांना केंद्र सरकारशी झालेल्या परवानगी करारानुसार आकाशवाणीची कार्यक्रम व जाहिरात संहिता पाळावी लागते. प्रथम केंद्राला लिहावे आणि त्या पत्राची प्रत जोडून नवी दिल्लीच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे तक्रार करावी. केंद्राचे नाव आणि कंप्रता, तारीख, वेळ, तसेच ऐकलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. रेडिओवर बोललेले हवेत विरून जाते, म्हणून ते शब्द त्याच दिवशी कागदावर उतरवून ठेवावेत.