संघ पोरं घडवतो की नुसती बाळगतो?

पुणे

प्रिय मित्रा,

हॉकी लीगमधला एखादा संघ तरुण खेळाडू खरोखर घडवतो का, हे ओळखायचं कसं, असं तू विचारलंस. नेहरूनगरच्या टर्फवर तू ज्या पोरांना शिकवतोस, त्यांतलं एखादं उद्या लिलावात उचललं गेलं तर हा प्रश्न तुझ्याच दारात येणार आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक. संघाच्या यादीत पोरं किती आहेत, यावरून काहीही ठरत नाही. २०१७नंतर थांबलेली हॉकी इंडिया लीग २०२४च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली, तेव्हा २४ जणांच्या संघात किमान १६ भारतीय आणि त्यांत चार ज्युनिअर घेणं सक्तीचं होतं. चार पोरं सगळ्यांकडेच असणार, त्याचं कौतुक कसलं? त्यांना खेळवलं किती आणि कुठल्या वेळी, इथून मोजायला लाग.

हिशोब सोपा आहे. पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, गोलरक्षक सोडून मैदानात दहा जण, म्हणजे सामन्याची ६०० मिनिटं. सामन्याच्या यादीत १८ जण आणि त्यांत दोन गोलरक्षक धरले, तर उरलेल्या सोळांच्या वाट्याला सरासरी साडेसदतीस मिनिटं येतात. बचावपटू याहून बरेच जास्त खेळतात. आघाडीचे पाच-सहा मिनिटांनी आत-बाहेर होत राहतात. तेव्हा ज्युनिअर फॉरवर्डची तुलना त्याच संघाच्या इतर फॉरवर्डशीच कर, सगळ्या संघाच्या सरासरीशी करू नकोस. वहीत प्रत्येक वेळी चार रकाने भर: आत गेला ती वेळ, बाहेर आला ती वेळ, तेव्हाचा गोलफरक, आणि मैदानात दोन्हीकडे पूर्ण अकरा होते का. टीव्हीवर बदल अनेकदा दिसतच नाहीत. म्हणून चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला किंवा पेनल्टी कॉर्नर (बचावाच्या चुकीमुळे गोलसमोर मिळणारी संधी) मिळाला की लगेच कोण आत आहे ते टिपून घे.

शेवटचे दोन रकाने लोक सोडून देतात, आणि खरं तर सगळ्यात जास्त तेच बोलतात. ४-० अशी आघाडी असताना शेवटच्या क्वार्टरमध्ये दिलेली दहा मिनिटं फार काही शिकवत नाहीत. १-१ बरोबरी आहे, आपल्या एकाला ग्रीन कार्ड मिळून तो दोन मिनिटं बाहेर बसलाय, आणि तरीही एकोणीस वर्षांचा पोरगा आत ठेवलाय, हे ज्या संघात वारंवार दिसतं तिथे प्रशिक्षकाने त्याच्यावर खरोखर काहीतरी लावलेलं असतं.

आता चुकीनंतरचा एक मिनिट पाहा. समज, उजव्या बाजूने लांबचा हवाई पास आला, पोराने स्टिक उशिरा खाली आणली, चेंडू उसळून रेषेबाहेर गेला. त्या क्षणी कॅमेरा डग-आऊटकडे वळला तर सोनं समज. तिसाव्या सेकंदाला त्याला बाहेर बोलावलं, असं दोन-तीन सामन्यांत झालं की तो पोरगा पुढच्या वेळी अवघड चेंडू मागणंच बंद करतो. सुरक्षित मागचा पास देतो, डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, घुसत नाही. मग लोक म्हणतात, याच्यात धाडस नाही. ते धाडस बाकावरूनच मारलेलं असतं. चांगला संघ त्याची ठरलेली पाळी पूर्ण होऊ देतो आणि बाहेर आल्यावर एकच गोष्ट सांगतो. पाच सांगितल्या तर एकही राहत नाही.

पेनल्टी कॉर्नरमध्ये कामं कशी वाटलीत ते बघ. इंजेक्शन म्हणजे रेषेवरून चेंडू आत ढकलणं हे ज्युनिअरला द्यायला उत्तम काम: कौशल्य मोजता येतं, रोज सुधारता येतं. बचावात फटका मारणाऱ्याच्या अंगावर पहिला धावणारा म्हणून मात्र त्याला तयारीशिवाय सोडणं मला अजिबात पटत नाही. कोणत्या रेषेत धावायचं, गोलरक्षकाला कोणती बाजू मोकळी ठेवायची, हे घोटलं नसेल तर ड्रॅग फ्लिक, म्हणजे स्टिकवर ओढून जोरात फेकलेला चेंडू, थेट गुडघ्यावर बसतो. ड्रॅग फ्लिक शिकणाऱ्यांच्या बाबतीत एकच प्रश्न विचार: सरावात फ्लिक मोजले जातात का? वाकून, पिळवटून फेकण्याचा बराच ताण कमरेच्या मणक्यावर येतो आणि वाढत्या वयात तिथल्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. माझ्या मते एका सत्रात तीस-चाळीस आणि आठवड्यात तीनच सत्रं पुरेत.

राखीव गोलरक्षकाचे मिनिट मोजू नकोस, ते बहुधा शून्यच येतील. सरावानंतर त्याच्यावर कोण फटके मारतं, एवढंच विचार.

सरावाबद्दल तुला बाहेरून फारसं दिसणार नाही, पण घरी परतलेल्या पोराला विचारता येतं. व्हिडिओ दाखवला का? स्वतःच्या तीन-चार क्लिप आणि त्याच जागेवर खेळणाऱ्या परदेशी खेळाडूच्या दोन, इतकं आठवड्याला मिळालं तरी पुष्कळ. चेंडू येण्याआधी मान वळवून मागे पाहायला कुणी शिकवलं का? आपल्याकडे हात चांगले असतात, कमी पडते ती ही सवय. धनराज पिल्ले खडकीत ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीतल्या धुळीत घडले. तशा मैदानावर चेंडू उसळतो, मनगट तयार होतं. ओल्या टर्फवर चेंडू इतका वेगात येतो की बघायला वेळ आधीच काढावा लागतो. आणि भाषेचं विचार. बैठक इंग्रजीत चालते, पोरगा नुसती मान डोलावतो, मैदानात उलट्या बाजूला धावतो. शहाणा संघ त्याच्या खोलीत त्याची भाषा बोलणारा सीनियर ठेवतो.

शेवटी एक मर्यादा लक्षात घे. लीग पुन्हा सुरू झाल्यावरचा पुरुषांचा तो पहिला मोसम जेमतेम पाच आठवड्यांचा होता. एवढ्यात कुणी घडत नाही. २०१६ला लखनौत ज्युनिअर विश्वचषक जिंकणाऱ्या संघातले हरमनप्रीत, सिमरनजीत, गुरजंत हे टोकियोच्या कांस्यपदकापर्यंत पोचले २०२१ला. सिमरनजीत तर आधी राखीव यादीत होता आणि जर्मनीविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यात त्याने दोन गोल केले. मधली पाच वर्षं शिबिरं आणि स्पर्धा यांची होती. म्हणून मोसम संपल्यावर संघ पोराच्या मूळ प्रशिक्षकाला काय लिहून पाठवतो, ते माग: दुखापतींची नोंद, धावण्याचे आकडे, सुधारायच्या दोन गोष्टी. एक पानही आलं नाही, तर त्या संघाला पुढचा पोरगा देताना विचार कर.

पहिले चार सामने भरून झाले की वही पाठव. बदलांच्या वेळा सुरुवातीला चुकतातच, त्या आपण बसून दुरुस्त करू.

तुझा,
दादा