सभागृहाची वेळ कोणाच्या हाती?

प्रश्न : कांद्याच्या निर्यातीचा विषय जवळजवळ प्रत्येक अधिवेशनात 'उपस्थित झाला' असे वर्तमानपत्रात वाचायला मिळते, परंतु त्यावर दिवसभर चर्चा झाली, असे कधी दिसत नाही. कोणत्या विषयाला किती वेळ द्यायचा, हे संसदेत नेमके कोण ठरवते?
— एक शेतकरी, निफाड

उत्तर : औपचारिक उत्तर 'कामकाज सल्लागार समिती' असे आहे. लोकसभेत या समितीचे 15 सदस्य असतात आणि स्वतः अध्यक्ष तिचे प्रमुख असतात; राज्यसभेत 11 सदस्य असून सभापती प्रमुख असतात. प्रमुख पक्षांचे प्रतिनिधी तेथे एकत्र बसतात, कोणत्या विधेयकाला किती तास द्यायचे हे ठरवतात, आणि मग ते तास पक्षांच्या संख्याबळाप्रमाणे वाटले जातात. खासदाराचे नाव वक्त्यांच्या यादीत घालायचे की नाही, हे पुढे त्याच्या पक्षाच्या हातात असते.

मात्र या समितीपुढे कोणते विषय यावेत, हे सभागृह नेत्याशी विचारविनिमय करून अध्यक्ष ठरवतात, आणि शासकीय कामकाजाला नियमांनीच अग्रक्रम दिलेला आहे. म्हणजे समिती वेळेची वाटणी करते. विषयांची निवड बऱ्याच अंशी आधीच झालेली असते. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये प्रत्येक सत्रातील 20 दिवसांचे विषय विरोधी पक्षांनी ठरवायचे, असा नियम आहे. आपल्या संसदेत तशी तरतूद नाही. महाराष्ट्राच्या विधिमंडळात निदान विरोधी पक्षाचा 'अंतिम आठवडा प्रस्ताव' ही प्रथा रुळलेली आहे, आणि माझ्या मते संसदेने ती उचलण्यासारखी आहे.

उरलेल्या वाटांवर नशिबाचा भाग मोठा आहे. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न घेतले जातात आणि कोणाचा प्रश्न कितवा, हे सोडतीने ठरते. प्रश्नोत्तराच्या तासात त्यांतील मोजक्याच प्रश्नांची पाळी येते. बाकीच्यांची उत्तरे लेखी स्वरूपात पटलावर ठेवली जातात. आपण जे 'उपस्थित झाला' असे वाचता, ते बहुधा शून्य प्रहरातील, म्हणजे तातडीचे विषय थोडक्यात मांडण्याच्या वेळेतील, असते. या प्रहराचा नियमावलीत उल्लेखही नाही. खासदार दोन-तीन मिनिटे बोलतो, मंत्र्यावर तेथल्या तेथे उत्तर देण्याचे बंधन नसते आणि सभागृह पुढच्या विषयाकडे वळते.

कांद्यासाठी खरी जागा अर्थसंकल्पी अधिवेशनात कृषी किंवा वाणिज्य मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे त्याच्या वर्षाच्या खर्चाच्या मंजुरीवर, बोलताना मिळू शकते. पण चर्चेसाठी दरवर्षी काही थोडी मंत्रालयेच निवडली जातात आणि बाकीच्या मागण्या शेवटच्या दिवशी एकत्र मतास टाकल्या जातात. यालाच 'गिलोटिन' म्हणतात. 23 मार्च 2023 रोजी तर लोकसभेने सर्वच मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना मंजूर केल्या. त्यामुळे आपल्या खासदाराला पत्र लिहायचे असेल, तर ते अधिवेशनाच्या बऱ्याच आधी लिहावे, कारण प्रश्नाची सूचना किमान 15 दिवस अगोदर द्यावी लागते. अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा, प्रश्न विचारायला सांगितले, तरी निर्यातीविषयीचे सरकारचे लेखी उत्तर हाती पडते, आणि ते शून्य प्रहरातील भाषणापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

प्रश्न : चर्चेला सरकारही तयार असते आणि विरोधकही तयार असतात, तरीही कोणत्या नियमाखाली चर्चा घ्यायची यावरून दिवसचे दिवस कामकाज बंद पडते. हा केवळ हट्ट नाही का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : हट्ट असतोच, पण तो नियमाच्या आकड्यासाठी नसतो, मतदानासाठी असतो. लोकसभेत नियम 193 खालील अल्पकालीन चर्चेत मतदान होत नाही. नियम 184 खाली ते होते, आणि प्रत्येक पक्षाला आपली बाजू नोंदवावी लागते. किरकोळ व्यापारातील परकीय गुंतवणुकीवरून 2012 च्या हिवाळी अधिवेशनाचे सुरुवातीचे दिवस याच वादात गेले. अखेर सरकारने नियम 184 मान्य केला आणि 5 डिसेंबरला 218 विरुद्ध 253 मतांनी ते जिंकले. मात्र त्यासाठी समाजवादी पक्ष आणि बसपा यांचा सभात्याग उपयोगी पडला. नुसती भाषणे झाली असती, तर हे गणित उघड्यावर आले नसते.

2023 च्या पावसाळी अधिवेशनात मणिपूरमधील हिंसाचाराबाबत असेच घडले. राज्यसभेत विरोधकांना सर्व कामकाज बाजूला ठेवणारा नियम 267 हवा होता, तर सरकार नियम 176 खालील अल्पकालीन चर्चेस राजी होते. कोंडी फुटेना, तेव्हा विरोधकांनी लोकसभेत अविश्वास प्रस्ताव आणला. तो फेटाळला जाणार, हे सर्वांना ठाऊक होते. परंतु 50 सदस्य पाठीशी उभे राहिले की या प्रस्तावावर चर्चा घ्यावीच लागते. त्यामुळे 8 ते 10 ऑगस्ट असे तीन दिवस मिळाले आणि पंतप्रधानांना उत्तर द्यावे लागले. वेळ मिळवण्यासाठी इतके मोठे हत्यार उपसावे लागते, हा कामकाजाच्या नियमांतील दोष आहे, असे मला वाटते.

प्रश्न : मंत्री नसलेल्या खासदाराच्या विधेयकाला कधी न्याय मिळतो का?
— एक निवृत्त शिक्षक, सावंतवाडी

उत्तर : फार क्वचित. लोकसभेत अशा कामकाजासाठी शुक्रवारचे शेवटचे अडीच तास असतात, आणि क्रम येथेही सोडतीने लागतो. स्वातंत्र्यानंतर दोन्ही सभागृहांनी संमत केलेली अशी विधेयके अवघी 14 आहेत. त्यांतील शेवटचे 1970 मधील आहे. खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये मांडलेले, कार्यालयीन वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारे विधेयक सभागृहापेक्षा वृत्तपत्रांतच अधिक गाजले.

पण आपल्याच भागातील एक उदाहरण वेगळे आहे. मूलभूत हक्क संसदेला कमी करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्याच्या निकालात सांगितल्यानंतर, 1967 मध्ये, राजापूरचे खासदार नाथ पै यांनी मूलभूत हक्कांसह संपूर्ण राज्यघटनेत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करणारे विधेयक मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले आणि त्यावर गंभीर चर्चा झाली. परंतु ते संमत होण्यापूर्वीच डिसेंबर 1970 मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि पुढच्याच महिन्यात नाथ पैंचे निधन झाले. तोच अधिकार सरकारने 1971 मध्ये 24 व्या घटनादुरुस्तीने संसदेला दिला.