भिंतीत आरपार दगड आहे का, ते आधी बघ

सोलापूर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

घरबांधणी आणि प्रादेशिक नियोजनावरच्या सरकारी संशोधनाचा इतिहास हा विषय तू घेतलास, फार बरं वाटलं. संस्थांची नावं एका संध्याकाळी पाठ होतील. १९४७ पासून चालत आलेली रुरकीची केंद्रीय भवन संशोधन संस्था, १९५४ ची राष्ट्रीय इमारत संघटना, १९६२ ची नगर व ग्राम नियोजन संघटना, आपल्या राज्याचा १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा. पण कागद कुठलाही असो, तो कशामुळे निघाला आणि गावच्या गवंड्यापर्यंत कधी पोचला, एवढं त्याच्यापुढे लिहीत जा.

भूकंपाच्या धोक्याचे पट्टे दाखवणारा नकाशाच घे. भूकंपरोधक बांधकामाचं भारतीय मानक १९६२ मध्ये आलं. डिसेंबर १९६७ ला कोयना हादरलं आणि १९७० मध्ये नकाशा बदलला. त्यातही किल्लारीचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यातच राहिला. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. तो भाग जास्त धोक्याच्या पट्ट्यात गेला तो २००२ मध्ये.

किल्लारीच्या भूकंपानंतर मी पाहणीच्या कामाला होतो. पडलेल्या भिंती हाताने चाचपल्यात मी. दोन-अडीच फूट जाडी, आतून-बाहेरून नीट बसवलेले दगड आणि मधे नुसती दगडमातीची भर. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेले, छत जड होत गेलं. म्हणून लोकांना अडाणी ठरवू नकोस. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात त्या माळवदाखाली किती गार वाटतं, ते मी लहानपणापासून अनुभवलंय. शिवाय जिथे छताचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती कोसळूनही काही माणसं वाचली. हे ज्ञान गावातच होतं, आणि ते अहवालात यायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

दगडी भिंतींसाठीचं मानक त्याच १९९३ सालचं. दर साठ सेंटिमीटर उंचीला आरपार दगड, दोन दगडांत फार तर एक मीटर वीस सेंटिमीटर अंतर. हे वाक्य मराठीत, गवंड्याला कळेल असं लिहून बघ. लिहिता आलं तर विषय तुला समजला.

प्रादेशिक योजनाही अशीच वाच. नकाशातल्या रेषेवर स्वतः जाऊन उभी राहा.

येत्या रविवारी अक्कलकोटच्या बाजूला एक जुना वाडा उतरवतायत. भिंत अर्धी उघडी आहे. सकाळी आठला ये, टेप आण. उतरवणारे मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत. आधी त्यांना बोलू दे, वही नंतर काढ.

तुझे,
काका