आकडे जुळतात, घात जुळत नाही

प्रश्न : बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला गणित दिले होते : सोडियमच्या दिव्याची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर, तर एका फोटॉनची (प्रकाशाच्या एका कणाची) ऊर्जा किती? उत्तर ३.३७ × १०^-१९ जूल. एका मुलाचे आले ३.३७ × १०^-२८, एका मुलीचे ३.३७ × १०^-३७. आकडे तेच, मग चुकले कुठे?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : सूत्र असे : प्लँकचा स्थिरांक गुणिले प्रकाशाचा वेग, भागिले तरंगलांबी. चूक कुठली, ते घातच सांगतो. मुलाचा घात ९ ने कमी आहे, म्हणजे त्याने नॅनोमीटरचे मीटर केलेच नाहीत. मुलीने ते केले, पण कॅल्क्युलेटरवर ‘÷ ५८९ × १० चा उणे ९ वा घात’ असे सलग दाबले. कॅल्क्युलेटर डावीकडून उजवीकडे जातो. त्याने ५८९ ने भागले आणि १०^-९ ने मात्र गुणले. भागायचे तिथे गुणले गेले, म्हणून फरक ९ चा दुप्पट, १८ चा पडला. छेद कंसात घालायला लावा, किंवा घातासाठी असलेले ‘एक्स्प’ बटण वापरायला सांगा.

मुलांकडून दोन पायऱ्यांत करून घेणे बरे. आधी वारंवारता : प्रकाशाच्या वेगाला, २.९९८ × १०^८ ला, तरंगलांबीने, ५.८९ × १०^-७ ने भागा, ५.०९ × १०^१४ हर्ट्झ. तिला प्लँकच्या स्थिरांकाने, ६.६२६ × १०^-३४ ने गुणा, की जूल मिळाले. त्यांना १.६०२ × १०^-१९ ने भागले की २.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचे छोटे एकक). पडताळा तोंडी होतो : १२४० ला नॅनोमीटरने भागा, उत्तर थेट इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये. दिसणारा प्रकाश साधारण १.६ ते ३.३ च्या दरम्यान असतो; उत्तर त्याबाहेर गेले तर वही पुन्हा उघडायची.

आणखी एक चूक हुशार मुलेही करतात. हाच प्रकाश पाण्यात शिरला की तरंगलांबी १.३३ ने भागली जाऊन ४४३ नॅनोमीटर होते, आणि मुले ती ऊर्जेच्या सूत्रात घालतात. वारंवारता पाण्यात बदलत नाही, म्हणून ऊर्जाही बदलत नाही. सूत्रात वेग निर्वाताचा घेतला, तर तरंगलांबीही निर्वातातलीच हवी.

प्रश्न : खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर लहरी टिपतात. त्यांची ऊर्जा प्रकाशाच्या तुलनेत किती?
— एक वाचक, जुन्नर

उत्तर : रेडिओलहरींना सोपी युक्ती आहे : ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, मीटर मिळतात. हायड्रोजनची वारंवारता १४२०.४ मेगाहर्ट्झ, म्हणून ०.२११ मीटर. फोटॉनची ऊर्जा ९.४१ × १०^-२५ जूल, म्हणजे ५.९ × १०^-६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. सोडियमच्या फोटॉनची ऊर्जा याच्या सुमारे ३ लाख ५८ हजार पट.

मात्र दूरच्या दीर्घिकांसाठी १४२०.४ धरून बसू नका. विश्व प्रसरण पावत असल्याने लहर वाटेत ताणली जाते. ती दुप्पट लांब झाली असेल, तर शोध ७१०.२ मेगाहर्ट्झला घ्यावा लागतो, आणि इथे पोचणाऱ्या फोटॉनची ऊर्जाही निम्मीच असते.