बेदाणा फुगतो, पण परत द्राक्ष का होत नाही?

प्रश्न: तासगावजवळ आमचं बेदाण्याचं शेड आहे. पोरगा आठवीत. शाळेत सांगितलं म्हणून त्यानं रात्री वाटीत बेदाणे भिजत घातले, सकाळी फुगले, वहीत 'परासरण' लिहून मोकळा झाला. शेजारच्या पातेल्यात माझी मटकी भिजत होती, फडक्यात बांधली तर दुसऱ्या दिवशी मोड. आता तो मागंच लागलाय, आई दोन्ही वाळलेलेच होते ना, मग मटकी जिवंत झाली आणि बेदाणा नुसता फुगून का बसला? द्राक्षासारखा कडक का नाही झाला? मला काही सांगता येईना.
– एक वाचक, तासगाव

उत्तर: ताई, पोराला आधी शाबासकी द्या, कारण वहीत परासरण (म्हणजे पातळ पटलातून पाणी दाट द्रावणाकडं ओढलं जाणं) लिहून सगळे सुटतात, पुढचं कोण विचारत नाही.

एक गोष्ट आधी मिटवू. मोड येतो तो बीमधल्या गर्भाला, आणि बेदाण्यात तर बीच नाही, म्हणजे मोडाची अपेक्षा त्याच्याकडून नकोच. पण कडक का होत नाही हा प्रश्न उरतोच, आणि खरी मजा तिथंच आहे.

द्राक्षाच्या गराची एक पेशी म्हणजे जवळजवळ सगळी पाण्याची पिशवीच. आत मोठी रिक्तिका, म्हणजे साठवणीची पोकळी, तिच्यात साखर आणि आंबटपणा भरलेला, तिच्याभोवती एक पातळ पटल, मग थोडासा पेशीद्रव, मग पेशीचं बाहेरचं पटल आणि सगळ्यात बाहेर पेशीभित्तिका, म्हणजे पेशीची भिंत. साखरेमुळं पाणी आत ओढलं जातं, पिशवी भित्तिकेला आतून दाबते, तोच तुमचा मण्याचा कडकपणा. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात ते याच दाबानं, सालीतून पाणी आत जातं आणि साल ताणायची जागा संपते, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

आता शेडवर काय होतं? डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात घड बुडवले की सालीवरच्या मेणाचा अडसर कमी होतो, पाणी भराभर उडतं आणि शेवटी साधारण 15 टक्के उरतं. पण पेशीचं पटल हे चरबीच्या रेणूंचा दोन पदरी थर आहे आणि तो जागेवर राहतो तो दोन्ही बाजूला पाणी आहे म्हणून. पाणी गेलं की थर विस्कटतो, फाटतो. रिक्तिकेतला माल बाहेर, बाहेरची विकरं (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) आत, सगळी सरमिसळ. (बेदाणा काळपट पडायचं एक कारण हेच, म्हणून तर गंधकाची धुरी.) उरते काय, तर भित्तिका. 1665 मध्ये रॉबर्ट हूकनं बुचाच्या कापात ज्या खोल्या बघून 'सेल' नाव दिलं त्या पण अशाच रिकाम्या, मेलेल्या होत्या.

मग बेदाणा फुगतो कसा? आत साखर दाट आहे, आणि साल नि भित्तिकेतून पाणी लवकर आत जातं, साखर मात्र हळूहळू बाहेर येते. म्हणजे वहीतलं परासरण अगदीच चूक नाही, पण ते जिवंत पटलाचं काम नव्हे. पेशीला पाणी धरून दाब देता येत नाही म्हणून मणी ढिला तो ढिलाच. वाटीतलं पाणी चाखून बघायला सांगा, गोड लागेल. अख्खी ताजी द्राक्षं रात्रभर ठेवली तर तसं होत नाही.

मटकीचं वेगळं. बी हे वाळायसाठीच बनलेलं असतं. शेंगेत पिकतानाच त्या पेशी ठरावीक साखरी आणि खास प्रथिनं साठवून ठेवतात, पाणी जाईल तसं ती पाण्याच्या जागी पटलाला आधार देतात. गंमत म्हणजे भिजवल्यावर सुरुवातीला मटकीच्या पेशी पण गळतात, थोडा माल पाण्यात उतरतो, पण काही वेळात पटलं जुळतात आणि गळती कमी होते. द्राक्षाच्या गराला ही तयारी कधी लागलीच नाही, त्याचं काम पाखरानं खाऊन बी लांब टाकावं एवढंच.

पटल फाटलं म्हणजे काय हे डोळ्यांनी बघायचं असेल तर बीटाच्या दोन चकत्या चांगल्या धुवून एक गार पाण्यात टाका आणि एक उकळत्या. गार पाण्यात रंग जेमतेम उतरेल, दुसरं भांडं लालभडक, कारण तो रंगही रिक्तिकेतच असतो. उकळतं पाणी तेवढं तुम्ही स्वतः ओता, पोराला ओतू देऊ नका.