११ वर्षांच्या मुलाला फुटबॉलची खाजगी शिकवणी लावावी का?

ताई, मुलगा ११ वर्षांचा, शाळेच्या टीममध्ये खेळतो, आणि एक सर आठवड्यातून तीन दिवस एकट्याला शिकवायला तयार आहेत. लावू का, असं तुम्ही विचारलंय. लावा, पण तीन दिवस नको आणि एकट्याला तर नकोच. आठवड्यातून एक दिवस, त्याच्याच वयाच्या आणखी तीन पोरांबरोबर. बेळगावच्या टिळकवाडी-शहापूर भागात एवढी पोरं सहज जमतील, फीसुद्धा वाटली जाईल.

एकट्याच्या शिकवणीत सर बॉल देतात, पोरगं परत देतं. अंगावर धावून येणारं कुणीच नसतं. मैदानावर मांडलेल्या प्लास्टिकच्या कोनमधून बॉल काढायला तो पटकन शिकेल आणि तुम्हाला बघायलाही छान वाटेल. पण बॉल पायाशी पोचायच्या आधी मान वळवून मागे कोण आहे ते बघणं, हे समोर माणूस असल्याशिवाय येत नाही. मॅचमध्ये बॉल हातचा जातो तो बहुतेक वेळा असं मागे न बघितल्यामुळेच.

पैसे भरण्याआधी एकदा मैदानाच्या कडेला उभ्या राहून पूर्ण तास बघा. पोरं रांगेत ताटकळत असतील, तर तिथूनच परत या. मग सर चूक कशी सुधारतात ते बघा. समजा, बॉल घेताना पोरगं पाय लाकडासारखा ताठ धरतंय आणि बॉल चार हात पुढे उडतोय. चांगले सर तेवढंच धरतात. बॉल लागताना पाय थोडा मागे घे म्हणतात, ते जमलं की पहिल्याच टचला बॉल मोकळ्या बाजूला काढायला लावतात, आणि मग समोर एक पोरगं सोडतात. त्या दिवशी दुसरं काही शिकवत नाहीत. एका दमात दहा चुका ओरडून सांगणाऱ्याकडे पोरगं गोंधळतं, आणि गोंधळलेलं पोरगं बॉल मागायचं बंद करतं. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनचं प्रशिक्षकाचं डी किंवा सी लायसन्स आहे का, हेही विचारा. असलं तर चांगलंच, पण त्या एका तासात जे दिसेल त्याला मी जास्त किंमत देईन.

आपल्याकडे मैदानाचंही बघावं लागतं. उन्हाळ्यात जमीन कडक, बॉलचा टप्पा कुठं उडेल सांगता येत नाही. पावसाळ्यात नुसता चिखल. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, बॉल सरळ येतो, म्हणून तिथलं कौशल्य शाळेच्या मैदानावर गेल्यावर डळमळतं. जून ते सप्टेंबर टर्फ घ्या, पुढे मातीवरच खेळू दे. बॉल चार नंबरचा हवा. पाच नंबरचा मोठ्यांचा असतो, ४१० ते ४५० ग्रॅमचा. घरी रोज १५ मिनिटं भिंतीवर, तीही कच्च्या, म्हणजे कमी सवयीच्या पायानं, एवढी सवय लागली तरी शिकवणीचे निम्मे पैसे वाचले समजा.

दुखण्याकडे मात्र काणाडोळा करू नका. या वयात गुडघ्याच्या वाटीखाली हाडावर दुखायला लागणं सर्रास आढळतं. हाड वाढत असतं आणि धावण्या-उड्यांनी तिथं ताण येतो. ‘वाढीचं दुखणं आहे, पळू दे’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, विश्रांती द्या आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. साधा हिशेब असा: वय जितकं, त्यापेक्षा जास्त तास आठवड्यात सराव आणि मॅच मिळून होऊ नयेत, आणि एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी. हेडिंगचा, म्हणजे डोक्यानं बॉल मारण्याचा, मारा तर नकोच. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं २०१५ मध्येच १० वर्षांपर्यंतच्या मुलांचं हेडिंग बंद केलं आणि ११ ते १३ वयासाठी सरावात मर्यादा घातली.

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवनं २०१७ चा १७ वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला, तेव्हापासून आपल्याकडच्या पालकांनाही आशा वाटते, आणि ती वाटावीच. पण गोव्यात नाहीतर बेंगळुरूत निवड करून देतो अशी हमी देऊन कुणी फी वाढवली, तर ती देऊ नका. त्याऐवजी एक काम आत्ताच उरका: जन्मदाखला, आधार आणि शाळेची कागदपत्रं, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच आहे ना, ते बघा. कानडी, मराठी, इंग्रजी करत आपल्या भागात आडनावं बदलून बसतात, आणि वयोगटाच्या ट्रायलला कागद तपासताना तिथंच अडतं.